जात्यासमोरची जागा

मी एक जुनं जातं आहे, मित्रांनो. जन्मानं दगड, कामानं दळणारा आणि स्वभावानं जरा खरखरीत. गोड बोलणं मला जमत नाही. जमलं असतं तर माझ्यातून पिठाऐवजी साखर पडली असती. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ अशी एक म्हण तुम्ही माणसांनी करून ठेवली आहे. करताना मला कुणी विचारलं नाही. ज्या पोरीची गोष्ट मी सांगणार आहे, ती माझ्यापाशी बसून खुदुखुदु हसायची. तिला रडायची वेळ आली ती माझ्यापासून उठवल्यावर.

माझा जन्म इंदापूरच्या बाजूला एका उघड्या माळावरच्या काळ्या खडकात झाला. सावळाराम नावाच्या पाथरवटानं मला फोडून काढलं. तो छिन्नीनं ठोकत असे आणि स्वतःशीच बडबडत असे, ‘‘बायांच्या हाताला हलकं गेलं पायजे, न्हायतर शिव्या मला.’’ माझ्या दोन तळ्या त्यानं घडवल्या. खालची जमिनीत पक्की बसते, वरची तिच्यावर फिरते. मधे लोखंडी खीळ आणि वर धरायला लाकडाचा खुंटा. वरच्या तळीला मधोमध तोंड असतं. त्यात मूठमूठ धान्य टाकतात, त्याला आम्ही घास म्हणतो.

शेळगावच्या गेणबानं मला बाजारातून घरी आणलं. गेणबा वांगी, मिरची, कांदा पिकवायचा आणि गाडी भरून बारामतीच्या बाजाराला न्यायचा. नवं लग्न झालेलं होतं. त्याची बायको कुशाबाई पहिल्या दिवशी माझ्यापुढं बसली, खुंटा हातात घेतला आणि म्हणाली, ‘‘जड हाय, पन बरं हाय.’’ एवढंच काय ते माझं कौतुक. मला ते पुरलं.

दळण थोडं असलं तर बाई एकटी बसते. पण ज्वारीचं मोठं दळण असलं की दोघी लागतात. त्या समोरासमोर बसतात, एकच खुंटा दोघींच्या हातात असतो, एकीनं ओढायचं नि दुसरीनं ढकलायचं. त्यात मोठी-धाकटी, शहाणी-वेडी असं काही चालत नाही. एकीचा हात मागं राहिला तर दुसरी थांबते, नाहीतर खुंटा निसटून बोटं चेचतात. मी वर्षानुवर्षं हे बघितलं आहे, म्हणून सांगतो.

कुशाबाईला एक मुलगी झाली. तिचं नाव रतन. हात खुंट्यापर्यंत पोचायला लागले तशी ती माझ्यापाशी बसायला लागली. तिच्या समोर बसायची शेजारची म्हाळसा. दोघी एका वयाच्या, दोघी सारख्याच वाह्यात. म्हाळसाला बांगड्यांचं भारी वेड. कासार गल्लीत आला की तिचं दळणातलं लक्ष उडालंच म्हणून समजा. रतन लगेच ओवी जुळवायची:

‘‘दळण सरलं गं, सूप झालं बाई रितं,
म्हाळसा मैतरणीचं ध्यान कासारापाशी हुतं.’’

मग म्हाळसा चिडायची, खुंटा सोडायची, आणि कुशाबाई चुलीपाशी बसून ओरडायची, ‘‘दळताय का दात काढताय?’’ मला तो आवाज आवडायचा. माझ्या घरघरीवर कुणीतरी हसत असलं की पीठ बारीक पडतं, असं माझं आपलं मत आहे.

रतनला चौदावं लागलं त्या वर्षी तिचा घास चुकायला लागला. ती मूठ भरायची, पण दाणे माझ्या तोंडात पडायच्या ऐवजी शेजारी सांडायचे. घरात सगळ्यांच्या आधी हे मला कळलं. कुशाबाई म्हणाली, ‘‘डोळं फुटलं का गं?’’ रतन म्हणाली, ‘‘आये, मला दोन दोन जाती दिसत्यात.’’ मग रोज सकाळी डोकं दुखायला लागलं. उठली की उलटी व्हायची. एकदा भर दिवसा ती भिंतीला धडकली.

घरात गेणबाची विधवा बहीण प्रयागबाई राहत असे. ती म्हणाली नजर लागली. मिरच्या ओवाळल्या, भगताचा दोरा बांधला, लिंबं कापली. दुखणं वाढतच गेलं. मग रतनचा मामा सर्जेराव आला. तो मुंबईला गिरणीत होता. त्यानं पोरीकडं एकदा बघितलं आणि तिला गाडीत घालून मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिकडून निरोप आला, मेंदूत गाठ आहे, कवटी उघडून काढावी लागेल. कुशाबाई माझ्यावर हात टेकून खाली बसली. ‘‘कवटी उघडत्यात? मग मानूस राहतंय का?’’ त्या काळात अशी गाठ काढून माणूस परत आल्याचं आमच्या भागात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

रतन परत आली. सन छत्तीसचा उन्हाळा होता. डोकं पूर्ण भादरलेलं, कानाच्या वर एक मोठा व्रण, आणि तिथली कवटी खोलगट. डावा हात ढिला पडला होता. बोलताना शब्द सापडायला वेळ लागायचा. पण चालत आली, आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, ‘‘आये, मी आले.’’ कुशाबाईनं तिला पोटाशी धरलं आणि मोठ्यानं रडली.

सर्जेरावानं सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, ‘‘डाक्तर म्हनले, पोरगी वाचली, पन डोस्क्यातली जखम भरायला लई दिस लागत्यात. तिला मधनंच झटकं येतील, आंग कापंल, दातखीळ बसंल. घाबरायचं न्हाय. कुशीवर वळवायचं, हाताशी धरायचं. ह्या गोळ्या रोज द्यायच्या, मी मुंबईहून धाडीत जाईन. हिरीवर, कालव्यावर, चुलीपाशी एकटीला सोडायचं न्हाय. आन तिला बाजूला टाकू नगा. कामात घ्या, बोलत ऱ्हावा.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रयागबाईनंही डोलावली.

मित्रांनो, इथं मला माझंच एक सांगायचं आहे. मी वर्षभर दळून गुळगुळीत झालो की सावळाराम यायचा आणि मला टाकी लावायचा, म्हणजे छिन्नीनं पुन्हा खडबडीत करायचा. टाकी लावल्यावर पहिलं पीठ दाताखाली कचकचतं. ते गुरांपुढं टाकतात. दुसरंही जरा जाडंभरडं पडतं. मग जातं ताळ्यावर येतं. सगळ्या बायांना हे ठाऊक असतं, त्यामुळं जात्याला कुणी बोल लावत नाही. रतनच्या डोक्याला टाकी लागली होती, आणि तिला तेवढे दिवस कुणी दिले नाहीत.

गावातल्या बाया बघायला आल्या. बघायला म्हणजे अगदी बघायला. ‘‘बघू गं,’’ म्हणून तिच्या डोक्यावरचा पदर उचलायच्या, खोलगट जागेवर बोट लावून बघायच्या आणि चुकचुकायच्या. रतन मान खाली घालून बसायची. रडली की म्हणायच्या, ‘‘वाचलीस ना बये, आता रडतीस कशाला?’’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला की मला त्याचा राग येतो. वाचलेल्या माणसाला रडायची बंदी आहे, असं कुठल्या चावडीवर ठरलं?

वडगाव निंबाळकरच्या एका घरी तिची सोयरीक ठरली होती. ते लोक आले, चहा घेतला, आणि जाताना त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं दारात उभं राहून सांगितलं, ‘‘लग्नाआधीच बोडकी झालेली सून आमाला परवडायची न्हाय.’’ बोडकी म्हणजे नवरा मेलेली, केस काढलेली बाई. हा शब्द आत बसलेल्या रतननं ऐकला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं तोच शब्द घेऊन दारावरून पळायला लागली. गेणबा एकदा काठी घेऊन त्यांच्यामागं धावला. मग त्यानं धावणंही सोडलं आणि मळ्यातच जास्त राहायला लागला.

तरी म्हाळसा यायची. दोघी माझ्यापुढं बसायच्या. रतनचा डावा हात मागं पडायचा, म्हाळसा थांबायची. रतन ओवी सुरू करायची, ‘‘दळण सरलं गं...’’ आणि पुढचा शब्द सापडायचा नाही. म्हाळसा तो पुरवायची. दळण फार होत नव्हतं, पीठही जाडं पडायचं, पण रतनच्या तोंडावर जरा कळा यायची. एक दिवस ती म्हणाली, ‘‘म्हाळसे, तुज्यासमोर बसलं की मी पयल्यावानी हाय असं वाटतं.’’ म्हाळसा म्हणाली, ‘‘तू हायसच की. नुसती हळू झालीयास.’’

असं चाललं असतं तर बरं झालं असतं. पण एका सकाळी माझ्यापाशीच रतनला झटका आला. खुंटा हातातून सुटला, डोळे वर गेले, अंग ताठ होऊन थरथरायला लागलं. म्हाळसा भिऊन भिंतीला लागली. कुशाबाई धावत आली, तिला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं. तिनं सगळं बरोबर केलं. पण मागून प्रयागबाई आली. तिनं ते थरथरणं बघितलं, आणि तिच्या मनात काही वेगळंच आलं. ती देवघरात गेली, कुंकू घेऊन आली, रतनच्या कपाळावर मळवट भरला आणि म्हणाली, ‘‘कुशे, हे दुखनं न्हवं. ही आई आलीया. बोडकं डोस्कं, मळवट, घुमनं, सगळं जुळतंय. मोठी देवी हाय.’’

आमच्याकडं देवी अंगात येते, माणूस घुमतं, बाया त्याला प्रश्न विचारतात. हे सगळे लहानपणापासून बघत आले होते. झटका कुणी बघितला नव्हता. म्हणून जे ठाऊक होतं तेच त्यांना दिसलं.

पुढच्या शुक्रवारी दारात बाया जमल्या. ज्या ‘बघू गं’ म्हणून पदर उचलत होत्या, त्याच आता पदर पसरून उभ्या राहिल्या. एकीला पोर हवं होतं, एकीची म्हैस हरवली होती. गल्लीतल्या पोरांना त्यांच्या आयांनी मुस्काटात ठेवून दिल्या, आणि तो घाणेरडा शब्द एका दिवसात बंद झाला. कुशाबाई दारात उभी राहून हे बघत होती. किती महिन्यांनी तिनं मान वर केली होती.

रतनचं नाव मात्र त्या दिवसापासून घरातून गेलं. जो तो ‘आई’ म्हणायला लागला. तिला पाटावर बसवायचे. मी कोपऱ्यातून बघत असे. ती उठून माझ्याकडं यायला लागली की प्रयागबाई आडवी व्हायची. ‘‘देवीनं दळायचं नसतं.’’ तिचं ताटसुद्धा वेगळं झालं.

एका सकाळी म्हाळसा आली. रतन पाटावरून उठली, माझ्यापाशी आली आणि खाली बसली. मांडी घातली, उजवा हात खुंट्यावर ठेवला. म्हणाली, ‘‘बस म्हाळसे. माज्यासमोर बस.’’ म्हाळसा जवळ आली. तिनं मागं वळून प्रयागबाईकडं बघितलं. मग खाली वाकली आणि रतनच्या पायावर डोकं ठेवलं. ‘‘आई, मला चांगलं घर मिळू दे,’’ असं काहीतरी पुटपुटली आणि भराभर निघून गेली.

रतन कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेकडं बघत होती. मग एका हातानं तिनं मला फिरवलं. आत एक दाणा नव्हता. रिकामं जातं फिरवू नये म्हणतात, अशुभ असतं. कुशाबाईनं येऊन तिचा हात धरला.

‘‘आये,’’ रतन एकेक शब्द शोधत म्हणाली, ‘‘मला देवी व्हायचं न्हाय. मला झटका येतो तवा मला काय बी ठावं नसतं. कोन आई येत न्हाय. मला गोळ्या दे. मला दळायचं हाय.’’

कुशाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून तिनं गोळ्या चोरून द्यायला सुरुवात केली. मधे प्रयागबाईनं त्या बंद पाडल्या होत्या, देवीच्या तोंडात डॉक्टरची गोळी गेली तर कोप होईल म्हणून. गोळ्यांनी गुण दिला. झटके थांबले. रतन जरा हसायला लागली, तिला शब्द लवकर सापडायला लागले. मला वाटलं, आता ही ताळ्यावर येते.

पण झटके थांबले तसे शुक्रवारही ओस पडले. बाया म्हणायला लागल्या, देवी निघून गेली, काहीतरी पाप झालं असणार. गल्लीत पुन्हा तोच शब्द ऐकू आला, आणि या वेळी त्याला जोड मिळाली, ‘देवीनं टाकलेली’. पाणवठ्यावर कुशाबाईशी कुणी बोलेना. ती घरी आली, रिकामी घागर खाली ठेवली आणि कोनाड्यातल्या गोळ्यांच्या पुडीकडं बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं रतनला गोळी दिली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी दगड आहे, मी काय करणार? माझ्यापाशी बसून ती रतनकडं बघत हळूच म्हणाली, ‘‘चार दिस बाये. लोक पुन्यांदा नीट वागाय लागले की सुरू करू.’’ आईच होती ती. पोरीला कुणी हिणवू नये, एवढंच तिला हवं होतं.

झटके परत आले, आणि बायाही आल्या. पूर्वीपेक्षा जास्त आल्या.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही. म्हाळसानं माझ्यापाशी बसून कुशाबाईला सांगितलं, ते मी ऐकलं. शुक्रवारचा दिवस होता. कुशाबाई घरी पुरण घालत होती. प्रयागबाई रतनला अंघोळीला घेऊन कालव्यावर गेली, बरोबर दहा-बारा बाया होत्या, त्यांत म्हाळसाही होती. काठावर रतनचं अंग ताठ झालं. ती खाली पडली आणि कापायला लागली. एक बाई धरायला पुढं झाली, तर प्रयागबाई म्हणाली, ‘‘हात लावू नगा. आई खेळतीया. बाटंल.’’

त्या सगळ्या हात जोडून उभ्या राहिल्या. रतन कापत कापत काठावरून घसरली आणि पाण्यात गेली. तरी बाया उभ्याच होत्या. एकजण म्हणाली, देवीनं स्नान घेतलं. पाण्यावर पदर दिसला, मग तोही दिसेना. तेव्हा म्हाळसा किंचाळली आणि पाण्यात शिरली. फार उशीर झाला होता. रतन पुढच्या पुलापाशी सापडली.

‘‘काकी,’’ म्हाळसा कुशाबाईला सांगत होती, ‘‘आमी सगळ्या तितंच हुतो. हातभर अंतरावर हुतो. आमी हात जोडलं, काकी. कुनी हात धरला न्हाय.’’

कुशाबाई उठली. तिनं कोनाड्यातली पुडी काढली, सोडली, आणि त्यातल्या गोळ्या माझ्या तोंडात टाकून मला फिरवायला लागली. पांढरं पीठ माझ्या कडेनं बाहेर येत होतं. म्हाळसानं तिचा हात धरला तेव्हा ती थांबली. मग दोघी रडल्या.

तुम्हाला वाटेल, आता तरी गावाचे डोळे उघडले असतील. नाही उघडले. आईनं जलसमाधी घेतली, असं ठरलं. आठवड्याभरात कालव्याच्या काठाला चार दगड रचून देवीचं ठाणं झालं. त्यात ठेवायला काहीतरी हवं होतं. प्रयागबाई भगताला घेऊन घरी आली आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, ‘‘आई पयल्यांदा हितं आली. ही तिची गादी हाय.’’ कुशाबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. ती एवढंच म्हणाली, ‘‘न्या. मला त्याच्याकडं बघवत न्हाय.’’

त्यांनी माझी वरची तळी उचलली. खालची घरातच राहिली, जमिनीत रोवलेली. तेव्हापासून मी कालव्याच्या काठी बसलो आहे. मला शेंदूर फासला आहे. माझ्या तोंडात लोक फुलं आणि तांदूळ घालतात. ते तिथंच कुजतात, कारण दळायला खालचा दगड नाही, खुंटा नाही, समोर कुणी बसत नाही. लोक मला रतनाई म्हणतात. मित्रांनो, मी रतनाई नाही. मी जातं आहे. आणि ती रतन होती. तिला ओव्या जुळवता यायच्या आणि मैत्रिणीला चिडवता यायचं.

गेल्या शुक्रवारी लांबच्या एका गावाहून एक बाई आली. तिनं कडेवरून सात-आठ वर्षांची मुलगी खाली ठेवली. मुलीच्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं. ती दवाखान्यातून आली आहे, डोक्यातली गाठ काढली आहे, आणि तिला झटके येतात, असं बाई प्रयागबाईला सांगत होती. प्रयागबाईनं मुलीच्या कपाळावर कुंकू लावलं आणि बाईच्या हातातली गोळ्यांची पुडी काढून घेतली. ती माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, ‘‘आता ह्याची गरज न्हाय. दर शुक्रवारी आन तिला.’’ मुलगी भेदरून इकडंतिकडं बघत होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो असतो, पण दगडाला ओरडता येत नाही.

तुम्हाला येतं. ती बाई येत्या शुक्रवारी पुन्हा येणार आहे. तुमच्यापैकी कुणी कालव्याच्या वाटेनं शाळेला जात असेल, तर जरा थांबा. माझ्या पाया पडू नका. ती पुडी माझ्यापुढून उचला आणि तिच्या आईच्या हातात परत द्या. त्या पोरीच्या डोक्यावरचं फडकं उचलून बघू नका, आणि वाचलीस ना मग रडतेस का, असं तर मुळीच विचारू नका. ती हळू बोलेल, तिचे शब्द चुकतील, खेळताना तिचा हात मागं पडेल. तेवढं थांबा. ती पाण्याजवळ असली तर तिचा हात सोडू नका. तिच्यासमोर मांडी घालून बसा आणि आधी तिचं नाव विचारा. इथं आल्यापासून ते तिला कुणीही विचारलेलं नाही.